गादीच्या पोटात काय आहे?



मंडईत वांगी घेताना आपण देठ पाहतो. कलिंगड घेताना टिचकी मारून कान लावतो. तांदूळ घेताना चार दाणे तोंडात टाकतो. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना दुकानदाराला निम्मं कपाट खाली काढायला लावतो, आणि त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. आणि ज्या वस्तूवर पुढची आठ-दहा वर्षं रोज सात-आठ तास अंग टाकायचं, ती गादी घेताना काय करतो? तळव्यानं दोनदा दाबून बघतो, कडेला टेकून एक उसळी घेतो, "मऊ आहे हो छान" असं म्हणतो आणि खोळीच्या रंगाकडे वळतो.

याचा सगळा दोष दुकानदाराला देता येणार नाही. गादी ही शिवून बंद केलेली वस्तू. आपल्याला दिसते ती खोळ, आणि गादीचं आयुष्य ठरवतं ते आत भरलेलं सामान. म्हणून आजच्या बोलण्यात मी एकच गोष्ट धरून बसणार आहे, ती म्हणजे दुकानात उभं राहून गादीच्या पोटात काय आहे ते कसं ओळखायचं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे बोलता बोलता तागडी आणि गुणाकार मध्ये येतील, त्याला तुमची तयारी असू द्या.

आमच्या लहानपणी ही अडचण नव्हती. कारण गादी कुणी विकत आणतच नसे, गादी भरून घेत. कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा. खांद्यावर ते लांबलचक पिंजण, त्याला ताणून बसवलेली आतड्याची तात, हातात लाकडी मोगरी. चौकात जुन्या गाद्या उसवल्या जायच्या. काळवंडलेला, दगडासारखा बसलेला कापूस बाहेर पडायचा. मग मोगरीचा ठोका तातेवर बसला की तो घुमणारा आवाज सबंध वाडाभर ऐकू यायचा, आणि तासाभरात त्याच दगडाचा ढगासारखा ढीग होऊन बसायचा. धूळ, सरकीची टरफलं, काड्या खाली गळून पडायच्या. घरातली बाई समोर पाटावर बसून असे, कारण कापूस किती निघाला आणि किती परत भरला यावर तिचं लक्ष असायचं. नवा दोन शेर घालायचा तर तोही तिच्या डोळ्यांसमोरच. म्हणजे गादीचं पोट दर दोन-तीन वर्षांनी घरच्यांच्या समोर उघडत होतं. 'टिकाऊ आहे का' हा प्रश्नच येत नव्हता. बसली की पिंजायची, पुन्हा भरायची. लग्नात मिळालेला कापूस नातवंडांच्या दुपट्याखाली गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

पिंजारी, नदाफ या मंडळींचं ते हातपिंजण आता जवळजवळ दिसेनासं झालं. त्याची जागा विजेवरच्या पिंजण यंत्रानं घेतली. पण पेठांमधून अजून गादी भरून देणारी दुकानं आहेत, आणि कापसाची गादी हवी असेल तर माझा आग्रह आहे की तयार घेऊ नका, समोर भरून घ्या.

कापूस ओळखायचा कसा? चिमूटभर घ्या, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून सावकाश ओढा. धागे सुटे होतात का, की भुकटीसारखे तुटून हवेत उडतात? मग मूठ घट्ट आवळून सोडा. चांगला कापूस हळूहळू वर येतो, दमलेला कापूस मुठीच्या आकारातच बसून राहतो. पिवळट, चिकटलेली कवडी किती, सरकीचे तुकडे किती, हे पांढऱ्या कागदावर झटकून बघितलं की कळतं.

इथे एक गंमत सांगतो. सुताला लांब आणि तलम धाग्याचा कापूस लागतो. गादीला नेमका उलटा चालतो. आपला जुना देशी कापूस आखूड आणि जाडाभरडा, त्याला चांगलं सूत धरत नाही, पण अंगात एक स्प्रिंग असते, दाबला तरी उसळतो. गादीत तो जास्त दिवस फुललेला राहतो. आपल्याकडे संकरित वाण आले, २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शेतं त्यानंच भरली. देशी कापूस तुरळक उरला. तेव्हा 'पूर्वीसारख्या गाद्या राहिल्या नाहीत' ही आजीची तक्रार निव्वळ म्हातारपणाची नाही. मात्र 'देशी' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर मुठीची परीक्षा घेतल्याशिवाय देऊ नका.

वजन विचारा. सहा बाय तीनच्या गादीत दहा-बारा किलो कापूस असावा. सात-आठ किलोत भागवलेली गादी दुकानात फुगलेली दिसते आणि वर्षभरात तिची सतरंजी होते.

आता पुण्यातला एक खास गिऱ्हाईक, कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं एका खोलीत तिघं-चौघं राहतात. गावाकडून ट्रंक घेऊन उतरलं की पहिल्या दिवशीची खरेदी बादली, मग आणि गादी. ही गादी दुकानासमोर गुंडाळून, सुतळी बांधून उभी केलेली असते. तिला कापसाची गादी म्हणतात, पण आत बहुतेकदा कापूस नसतो. जुने कपडे, शिंप्याकडची कात्रणं, बनियनच्या कापडाचे तुकडे यंत्रावर उकलून केलेला भुगा असतो. उसवून पाहिलं तर करडा रंग, मध्ये मध्ये लाल-निळे दोरे. त्याला उसळी नाही. महिन्या-दोन महिन्यांत गोळे होतात आणि ते गोळे बरोबर बरगडीखाली येतात. ते पोर दिवसाचे बारा तास अभ्यासिकेतल्या लाकडी खुर्चीवर बसतं आणि रात्री या गोळ्यांवर निजतं.

असा माल विकणं हा काही गुन्हा नव्हे. दीड-दोन वर्षांपुरती, त्या भावात आणि खरं सांगून विकली तर ठीक आहे. पण कापूस म्हणून विकू नये. विद्यार्थी मित्रांनो, कोपऱ्यावरची बोटभर शिवण उसवून दाखवायला सांगा. दुकानदाराला ती पुन्हा घालायला दोन मिनिटं लागतात. नाक लावा. ओलसर, तेलकट वास आला तर पुढच्या दुकानात जा. आणि त्याच पैशांत खऱ्या कापसाची पातळ गादी मिळत असेल तर जाड भुश्यापेक्षा ती घ्या, खाली घरची सतरंजी घाला.

आता फोमकडे येऊ, कारण आजच्या बहुतेक घरांत फोमच असतो. ज्याला आपण फोम म्हणतो ते पॉलियुरेथिन. याचं रसायन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलं. हा फोम म्हणजे असंख्य बारीक बुडबुड्यांचा जाळीदार ठोकळा. जाळीत माल किती आणि हवा किती, याला घनता म्हणायचं. दुकानात याला डेन्सिटी म्हणतात, "बत्तीस डेन्सिटी आहे, चाळीस डेन्सिटी आहे" असं कानावर येतं. त्याचा अर्थ इतकाच की एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा ठोकळा घेतला तर त्याचं वजन ३२ किंवा ४० किलो भरेल.

बहुतेक लोक इथे फसतात. कडक म्हणजे दाट आणि मऊ म्हणजे विरळ, असं त्यांना वाटतं. तसं नाही. कडकपणा ही एक गोष्ट, घनता ही दुसरी. विरळ फोमही रसायनं बदलून कडक करता येतो आणि दाट फोम मऊ ठेवता येतो. तुम्ही तळव्यानं दाबता तेव्हा तुम्हाला कडकपणा कळतो. टिकाऊपणा बराचसा घनतेवर असतो आणि ती तळव्याला कळत नाही. विरळ फोमच्या भिंती पातळ, रोजच्या वजनानं त्या मोडतात आणि जिथे कंबर टेकते तिथे खळगा पडतो.

मग घनता कळणार कशी? तागडीनं! गुणाकार अगदी सोपा आहे, पेन घ्या. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी, तिन्ही फुटांत मांडून गुणा. सहा फूट बाय पाच फूट, सहा इंच म्हणजे अर्धा फूट जाड. सहा पाचे तीस, त्याचे निम्मे पंधरा घनफूट. एक घनफूट ३२ घनतेचा फोम सुमारे ९०० ग्रॅम भरतो, ४० घनतेचा सुमारे ११३० ग्रॅम. म्हणजे ही गादी ३२ ची असेल तर साडेतेरा किलोंच्या आसपास, ४० ची असेल तर सतरा. वर खोळीचा एखाद-दीड किलो धरा. 'चाळीस' सांगितलेली गादी तागडीवर बारा किलो भरली, तर पुढे काही विचारायची गरज नाही. एकट्याची, सहा बाय तीन, चार इंची गादी सहा घनफूट होते. ३२ घनतेला साडेपाच किलोला थोडी कमी, ४० ला पावणेसात. माणूस रोज झोपणार असेल तर मुख्य थर ३२ च्या खाली नसावा आणि शक्यतो ४० चा असावा, असं माझं मत आहे. पाहुण्यांच्या खोलीत कमी चालेल.

मी हे दुकानात करून पाहिलं आहे. आधी हसतात, मग कुठून तरी वजनकाटा निघतो. काटा नसेल तर घरचा माणसं मोजायचा काटा पिशवीत घालून न्या. आधी स्वतः उभे राहा, मग गादी कवेत घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा.

तरीही वजनाला दोन फाटे आहेत. फोम बनवताना त्यात खडूच्या जातीची पूड मिसळतात. वजन वाढतं, कडकपणा वाढतो, आयुष्य मात्र घटतं. कापलेला तुकडा मागा, जोरात चोळा, ताणा. तळव्याला पांढरट पूड लागली किंवा तुकडा पावासारखा तुटला तर समजा. दुसरा फाटा थरांचा. आज गादीत तीन-तीन थर असतात आणि जाहिरात होते ती सगळ्यात वरच्या इंचभर थराची. मी एकच प्रश्न विचारतो, "सहा इंचांतले खालचे पाच इंच काय आहेत?" त्याचं सरळ उत्तर मिळालं तर ते दुकान चांगलं. कधी खाली रंगीबेरंगी तुकड्यांचा ठोकळा असतो. तो उरलेल्या फोमचे तुकडे चिकटवून केलेला. तो पुष्कळ जड आणि कडक असतो. आधार म्हणून तो वाईट नाही, पण त्याच्या वजनावर घनतेचा हिशेब करू नका, आणि कडेनं तुकडे निखळत असतील तर नको म्हणा.

काथ्याची गादी अनेकांना अजून आवडते आणि आपल्या हवेला ती बरी आहे, कारण तिच्यातून वारा खेळतो. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिळून, कुरळा करून, त्यावर रबराचा चीक फवारून दाबून भाजतात. रबर कमी पडलं तर काथ्या मोकळा होतो. कडेवर गुडघा टेकवून भार द्या. करकर आवाज आला आणि खाली तपकिरी भुगा पडला, तर ती गादी मधोमध बसणार. स्प्रिंगच्या गादीबद्दल फार बोलत नाही. स्प्रिंगा एकमेकींना बांधलेल्या असतील तर एक कूस वळला की दुसरा जागा होतो, सुट्या पिशव्यांतल्या असतील तर तसं होत नाही. पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्यांनी मात्र आधी जिना मोजावा, ही गादी वळणावर दुमडता येत नाही.

आता पाठ. 'पाठ दुखते ना, मग कडक गादी घ्या', हा सल्ला आपल्याकडे घरोघर दिला जातो. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना त्यांनी दोन प्रकारच्या गाद्या दिल्या, काहींना कडक, काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवाल्यांची दुखणी जास्त कमी झाली होती. तेव्हा खोळीवर 'ऑर्थो' असं छापलेलं आहे एवढ्यानं हुरळून जाऊ नका. ते नाव आहे, डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे.

बरोबर कडकपणा आडवं होऊनच कळतो. चपला काढा आणि चक्क दहा मिनिटं पडून राहा, ज्या कुशीवर घरी झोपता त्याच कुशीवर. उताणे असताना कमरेखाली तळहात सरकवून पाहा. आरपार मोकळा गेला तर गादी जास्त कडक, शिरतच नसेल तर जास्त मऊ. नवरा-बायकोंनी दोघांनी मिळून पडून पाहावं, दोघांच्या वजनात वीस किलोंचा फरक असेल तर नक्कीच. लोक बघतील ही लाज मनातून काढून टाका. ते लोकही गादी घ्यायलाच आलेले असतात.

आणि उंची. माझ्या एका मावशीला, वय वर्षं ८२, अमेरिकेतल्या मुलानं प्रेमानं आठ इंची गादी घेऊन दिली. गादी उत्तम होती, खोटं कशाला बोलू. पण पलंग अठरा इंच, वर आठ इंच. मावशी कडेवर बसली की पाय लोंबकळायचे. रात्री उठायचं तर आधी खाली घसरायचं, मग अंधारात जमीन शोधायची. चार दिवसांनी तिनं जमिनीवर सतरंजी अंथरली, आणि तिथून उठताना गुडघे बोलू लागले. दुकानदार गादी परत घेईना. शेवटी सुतार बोलावून पलंगाचे पाय सहा इंच कापले, तेव्हा बाई पलंगावर परतल्या. या वयात रात्रीचं एक पडणं म्हणजे खुब्याचं हाड. वडीलधाऱ्यांसाठी गादी घेताना पलंगासह उंची मोजा. कडेवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत.

गादी घरी आल्यावर तिचं आयुष्य आपल्याही हातात असतं. खाली सामान ठेवायचा पेटीसारखा बंद पलंग असेल तर प्लायवूडच्या फळीला भोकं पाडून घ्या, नाहीतर पावसाळ्याच्या चार महिन्यांत गादी खालून ओल धरते. आणि गच्चीवर ऊन दाखवायची आपली जुनी सवय कापसासाठीच ठेवा. कापसाला ऊन म्हणजे औषध. फोम उन्हात पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचा चुरा होऊ लागतो. त्याला सावलीतला वारा पुरे.

राहिलं बिल. ग्राहक पंचायतीचं काम बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच सुरू केलं, आणि त्या पुण्यात अजून "बिल कशाला, हमीपत्र आहे ना" हे वाक्य ऐकावं लागतं. पक्कं बिल घ्या आणि त्यावर माप, आतल्या एकेका थराचा प्रकार, त्याची जाडी आणि घनता लिहून घ्या. तोंडी 'चाळीस' आणि लेखी 'चाळीस' यांत फार अंतर असतं, लेखी मागितलं की कधी कधी चाळीसचे बत्तीस होतात. दहा वर्षांच्या हमीची बारीक अक्षरं वाचा. बहुधा ठरावीक खोलीचा, इंच-दीड इंचाचा खळगा पडला तरच ती लागू होते, गादी नुसती मऊ पडली तर नाही. डाग पडला तर हमी गेली असंही कलम असतं. कित्येकदा वर्षं उलटतील तसा बदलीच्या किमतीतला आपला वाटा वाढत जातो, म्हणजे आठव्या वर्षी 'हमी' म्हणून मिळते ती नव्या गादीवरची थोडी सूट. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार गादी कुठूनही मागवलेली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते.

एक राहिलं. माळ्यावर आजीच्या वेळची कापसाची गादी गुंडाळून पडली असेल, तर नवी आणल्यावर ती भंगारात देऊ नका. आधी शिवण उसवून मुठीत धरून बघा. कापूस अजून वर येत असेल तर पिंजून नव्या गादीपाटात भरून घ्या. निम्मा निघाला तरी दोन उशा आणि लहान मुलाची एक गादी त्यात होते. पिंजताना मात्र समोर बसा.